हे गाणं नेमकं कोणत्या खणात ठेवायचं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आज ज्या भांडणाविषयी मी बोलणार आहे ते घडतं एका ज्ञानकोशात. ज्ञानकोश म्हटलं की आपल्याला आठवतात केतकरांचे जाडजूड खंड, वाईचा मराठी विश्वकोश. तिथं मतभेद झाले नसतील असं नाही. पण ते संपादकांच्या खोलीत झाले आणि वाचकांच्या हाती फक्त निकाल आला. १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला आणि त्यानं ही खोलीच उघडी टाकली. तिथल्या प्रत्येक लेखामागे एक चर्चापान असतं आणि एक इतिहास असतो. कोणी कोणता शब्द कधी बदलला, तो कोणी परत पुसला, हे तारीख-वेळेसकट कोणालाही पाहता येतं. राजकारण, धर्म, सीमावाद यांवरच्या लेखांत भांडणं होणार, हे कोणीही सांगेल. पण तितक्याच जिद्दीनं माणसं भांडतात ती गाण्यांच्या अल्बमवरच्या लेखांत. आणि कशावरून, तर एका शब्दावरून.

तो शब्द कुठे असतो ते आधी सांगतो. अल्बमवरच्या लेखाच्या उजव्या बाजूला एक चौकट असते. वर मुखपृष्ठाचं चित्र, खाली कलाकाराचं नाव, प्रकाशनाची तारीख, ध्वनिमुद्रण कुठं झालं, एकूण लांबी किती, कंपनी कोणती, निर्माता कोण. यातल्या बहुतेक रकान्यांना काहीतरी ठाम उत्तर असतं. तारीख एकच असते, लांबी घड्याळावर मोजता येते. आणि मग मधेच एक रकाना येतो, ‘संगीतप्रकार’. चौकटीत तोही इतरांसारखाच दिसतो, तितकाच ठाम आणि तितकाच निर्विकार. गोम इथेच आहे. तारीख आणि प्रकार या दोन अगदी वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत आणि चौकट त्यांना एका पंक्तीला बसवते.

मग काय होतं? समजा, एखाद्या अल्बमपुढे ‘हार्ड रॉक’ असं लिहिलेलं आहे. एक चाहता येतो आणि तिथं ‘हेवी मेटल’ करून जातो. दुसरा येतो, पहिल्याची दुरुस्ती उलटवतो. तिसरा दोन्ही ठेवतो, पण आपला आवडता शब्द आधी घालतो. चौथा ‘ब्लूज रॉक’ची भर टाकतो. हे इतकं चालतं की अशा मंडळींना विकिपीडियाच्या संपादकांत एक नावच पडलं आहे. त्याचं मराठी करायचं तर ‘प्रकारवीर’ म्हणावं लागेल. ही मंडळी लेखातला बाकी मजकूर वाचतही नाहीत, रकान्यातला शब्द बदलतात आणि पुढच्या लेखाकडे जातात. अशा वेळी लागू पडणारा एक नियम आहे. एकाच लेखात चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं काम उलटवायचं नाही, नाहीतर प्रचालक तुमचं संपादन काही काळ बंद करतात. हा रकानाच काढून टाकावा, म्हणजे कटकट मिटेल, असे प्रस्तावही आलेले आहेत.

शब्द तर शब्द, अक्षरावरूनही भांडणं झाली आहेत. बीटल्सच्या नावातला ‘द’ वाक्याच्या मधे आला तर इंग्रजीत तो मोठ्या लिपीत लिहायचा की लहान, यावर संपादकांत वर्षानुवर्षं वाद चालला. २०१२ मध्ये तो इतका पेटला की अमेरिकेतल्या मोठ्या वृत्तपत्रानं त्याची बातमी केली. शेवटी लहान लिपीची बाजू जिंकली. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही, म्हणून आपण या संकटातून सुटलो.

हे ऐकून हसू येणं साहजिक आहे. मलाही येतं. पण मी जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या सूची करण्याचं काम बरंच केलं आहे आणि ‘प्रकार’ या रकान्यापाशी पेन थबकतं हे मला ठाऊक आहे. नाट्यपद मैफलीत पाऊण तास रंगवलं, तर त्याची नोंद नाट्यसंगीतात करायची की रागसंगीतात? आपापल्या परीनं प्रत्येक सूचीकार काहीतरी ठरवतो. माझी सूची मात्र कपाटात राहते. विकिपीडियावर लिहिलेलं जगभर वाचलं जातं, शोधयंत्रांत वर येतं आणि आता तर माणसाच्या प्रश्नांना उत्तरं देणारी यंत्रंही त्यातूनच शिकतात. तेव्हा त्या रकान्यात काय लिहिलं जातं, याकडे जरा गंभीरपणे पाहायला हवं.

मुळात हे प्रकार येतात कुठून? आपल्याला वाटतं, ते संगीतातून येतात. ताल, वाद्यं, गायकी यांवरून कोणी जाणकारानं वर्गवारी केली असेल. काही वेळा तसं असतंही. पण पुष्कळदा हे शब्द दुकानातून येतात. अमेरिकेत कृष्णवर्णीय कलाकारांच्या तबकड्यांना पूर्वी सरळ ‘रेस रेकॉर्ड्स’, म्हणजे वंशाच्या तबकड्या, म्हणत. ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकातल्या लोकप्रियतेच्या यादीचंही तेच नाव होतं. १९४९ मध्ये तिथं काम करणाऱ्या जेरी वेक्सलर यांनी सुचवलेलं ‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव त्या यादीला मिळालं. गाणारे तेच, गाणी तीच, ऐकणारेही तेच. फक्त पाटी बदलली. आज आपण ‘आर अँड बी’ हा एक संगीतप्रकार म्हणून उच्चारतो, त्याच्या तळाशी ही पाटी आहे.

दुसरं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. १९८७ च्या उन्हाळ्यात लंडनमधल्या ‘एम्प्रेस ऑफ रशिया’ नावाच्या पबमध्ये लहान लहान रेकॉर्ड कंपन्यांची माणसं जमली. त्यांच्यापुढे प्रश्न साधा होता. आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिका इथल्या संगीताच्या तबकड्या दुकानदार कुठल्या खणात ठेवावी हे न कळून ठेवतच नव्हते. मग सगळ्यांनी मिळून एक पाटी ठरवली, ‘वर्ल्ड म्युझिक’. सेनेगलचा ढोल, बल्गेरियाचं समूहगान आणि भारतातला ख्याल, सगळं एका खणात! पुढे ग्रॅमी पुरस्कारांत या नावाचा विभागच झाला. १९९४ मध्ये तो पुरस्कार पंडित विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांच्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ला मिळाला. ‘वर्ल्ड’ या शब्दात पश्चिमेबाहेरचे ते ‘इतर’ असा वास येतो, अशी तक्रार होत राहिली आणि २०२० मध्ये त्या विभागाचं नाव ‘ग्लोबल म्युझिक’ करण्यात आलं. २०२४ मध्ये ‘शक्ती’ या वाद्यवृंदाच्या ‘धिस मोमेंट’ला, म्हणजे आपल्या मुंबईच्या झाकीर हुसेन यांच्या संचाला, पुरस्कार मिळाला तो या नव्या नावाखाली. तबल्याला काय फरक पडला? काही नाही. दुकानाच्या पाटीला पडला.

अमेरिकेत मात्र या पाट्यांनी माणसांचं नुकसान झालेलं आहे. २०१९ मध्ये लिल नास एक्स या तरुण कृष्णवर्णीय गायकाचं ‘ओल्ड टाउन रोड’ हे गाणं ‘कंट्री’ गाण्यांच्या यादीत आलं आणि ‘बिलबोर्ड’नं ते काढून टाकलं. कंट्री संगीताची लक्षणं त्यात पुरेशी नाहीत, असं कारण दिलं गेलं. त्यावरून मोठा गदारोळ झाला. पुढे हेच गाणं सर्व प्रकारांच्या एकत्र यादीत सलग १९ आठवडे पहिलं राहिलं. मग २०२४ च्या मार्चमध्ये बियॉन्से या गायिकेचा ‘काउबॉय कार्टर’ हा अल्बम आला. हा कंट्री अल्बम नाही, हा बियॉन्सेचा अल्बम आहे, असं तिनं स्वतःच आधी जाहीर केलं. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ग्रॅमीनं त्याला पुरस्कार दिला तो सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचा! वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचाही दिला, तो वेगळा.

आता विकिपीडियाच्या संपादकानं रकान्यात काय लिहायचं? ‘कंट्री’ लिहिलं तर गायिका नाही म्हणते. नाही लिहिलं तर पुरस्कार देणारे हो म्हणतात. आणि ‘कंट्री’च्या दारातून कृष्णवर्णीय कलाकारांना इतकी वर्षं परत पाठवलं गेलं, हा इतिहास माहीत असलेला माणूस म्हणेल की तो शब्द तिथं हवाच. म्हणजे एका शब्दामागे पंचाहत्तर वर्षांचा हिशेब थकलेला आहे.

या पेचावर विकिपीडियानं शोधलेला तोडगा मला आवडतो, जरी तो आम्हा कानसेनांना सहजासहजी पचणारा नाही. तोडगा असा, की तुम्हाला काय ऐकू येतं हे आम्हाला सांगू नका. कोण म्हणालं ते सांगा. स्वतःचं संशोधन तिथं चालत नाही. तुम्ही चाळीस वर्षं गाणं ऐकत असाल, तरी ‘हे ऐकताच कळतं’ हा पुरावा होत नाही. एखाद्या नामांकित समीक्षकानं छापील परीक्षणात किंवा पुस्तकात तसं म्हटलेलं असावं लागतं. कलाकाराचा शब्दही शेवटचा धरत नाहीत. एसी/डीसी ही मंडळी आयुष्यभर आपण साधं ‘रॉक अँड रोल’ वाजवतो असं म्हणत आली, तरी समीक्षक त्यांना ‘हार्ड रॉक’मध्ये घालतात आणि ज्ञानकोशाला समीक्षकांचं ऐकावं लागतं. आणखी बारकावा पाहा. ‘ऑलम्युझिक’ हे १९९१ पासूनचं संगीताचं मोठं माहितीभांडार आहे. तिथल्या समीक्षकानं सही करून लिहिलेलं परीक्षण विकिपीडियाला चालतं, पण त्याच पानाच्या कडेला जी प्रकारांची यादी दिसते ती चालत नाही. कारण परीक्षणामागे माणूस आहे, त्याचं कारण आहे. कडेच्या यादीमागे कोण आहे ते कळत नाही.

आता कोणी विचारेल, इतका कडकपणा कशाला? त्याचं उत्तर दोन मृत्यूंच्या बातम्यांत आहे.

१ ऑक्टोबर २००७ रोजी गर्न्सी बेटावर रॉनी हेझलहर्स्ट हे संगीतकार वारले. बीबीसीच्या कितीतरी मालिकांची शीर्षकधून त्यांनी बांधली होती. आपल्याकडे ज्यांनी ‘यस मिनिस्टर’ पाहिली असेल, त्यांनी त्यांचं संगीत ऐकलेलं आहे. त्यानंतर बीबीसी आणि ‘गार्डियन’सह मोठमोठ्या ठिकाणी त्यांच्यावर जे मृत्युलेख आले, त्यांत एक चमकदार माहिती होती. ‘एस क्लब ७’ या तरुण मुलामुलींच्या गटाचं २००० साली गाजलेलं ‘रीच’ हे गाणंही हेझलहर्स्टनीच रचलं होतं म्हणे! सत्तरी ओलांडलेल्या या गृहस्थांचा आणि त्या गाण्याचा काडीमात्र संबंध नव्हता. ते कॅथी डेनिस आणि अँड्र्यू टॉड यांनी रचलेलं. कोणीतरी ती थाप विकिपीडियावरच्या लेखात घातली होती आणि घाईत असलेल्या लेखनिकांनी ती उचलली. यातली खरी भीती पुढे आहे. थाप एकदा ‘गार्डियन’मध्ये छापली गेली की विकिपीडियावर तिला ‘गार्डियन’चाच संदर्भ देता येतो. आता ती थाप राहत नाही, तिला पुरावा मिळतो. जिथून निघाली तिथंच ती संदर्भ होऊन परत येते. चोराच्या हातीच पंचनामा!

दुसरी बातमी २००९ ची. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’, ‘डॉक्टर झिवागो’ आणि आपल्या देशाची पार्श्वभूमी असलेला ‘अ पॅसेज टू इंडिया’, या तिन्ही चित्रपटांच्या संगीतासाठी ऑस्कर मिळवणारे मॉरिस जार २८ मार्चला गेले. डब्लिनमधल्या एका विद्यार्थ्यानं प्रयोग म्हणून त्यांच्या तोंडी एक खोटं, भावपूर्ण वाक्य घातलं आणि ते विकिपीडियावर टाकलं. अनेक देशांतल्या वृत्तपत्रांनी ते मृत्युलेखात वापरलं. आठवडे उलटले तरी कोणाला शंका आली नाही. शेवटी त्या विद्यार्थ्यानंच पत्रं पाठवून खुलासा केला, तेव्हा दुरुस्त्या छापल्या गेल्या. या गोष्टीतला एक तपशील मात्र फारसा सांगितला जात नाही. विकिपीडियाच्या संपादकांनी ते वाक्य संदर्भ नाही म्हणून लगेच काढून टाकलं होतं. विद्यार्थ्यानं पुन्हा घातलं, त्यांनी पुन्हा काढलं. ‘संदर्भ हवा’ म्हणून किरकिर करणारे ते अनामिक संपादक शुद्धीवर होते. पगारी संपादक झोपले होते.

आकड्यांचंही तेच. मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ १९८२ चा. तो जगात किती खपला? कोणी साडेसहा कोटी सांगतो, कोणी सात, कोणी दहा कोटींच्याही पुढे जातो. अमेरिकेतला आकडा त्यातल्या त्यात बरा, कारण तिथं रेकॉर्ड कंपन्यांची संघटना प्रमाणपत्र देते. ‘थ्रिलर’ला ३४ वेळा प्लॅटिनम, म्हणजे ३४ दशलक्ष. पण हे प्रमाणपत्रसुद्धा मुळात दुकानांकडे पाठवलेल्या प्रतींचं. आणि २०१६ पासून त्यात इंटरनेटवर ऐकलेली गाणीही धरतात, १५०० वेळा ऐकलं की एक अल्बम, या हिशेबानं. म्हणजे ठाम दिसणाऱ्या रकान्यांतही पाणी मुरतंच. चौकटीवर विसंबणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.

आता ज्याच्यासाठी हा सगळा प्रपंच केला, त्या अल्बमकडे येतो. तो मुंबईचाच आहे.

चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. गिटार, बास, ट्रान्झिकॉर्ड अशी अनेक वाद्यं ते वाजवत. राहुलदेव बर्मन यांच्यापासून अनेक संगीतकारांकडे त्यांनी साथ केली. १९८२ चा सुमार म्हणजे आपल्या सिनेमात डिस्कोचा पूर आलेला. चरणजितजींच्या मनात आलं, रागांना डिस्कोचा ठेका देऊन पाहावा आणि तबला बाजूला ठेवावा. त्यांच्याकडे रोलँड या जपानी कंपनीची तीन नवी यंत्रं होती. ‘ज्युपिटर-८’ हा सिंथेसायझर, ‘टीआर-८०८’ हे तालयंत्र आणि ‘टीबी-३०३’ हे बास गिटारची जागा घेण्यासाठी काढलेलं छोटं यंत्र. त्यांतून तबकडी झाली, तिचं नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. भैरवी, ललत, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. दहा राग, प्रत्येक पाचेक मिनिटांचा. एचएमव्हीनं ती काढली. खपली नाही. विसरली गेली.

इकडे ते छोटं ‘३०३’ यंत्रही बाजारात आपटलं. बास गिटारसारखं ते मुळीच वाजत नव्हतं. १९८४ मध्ये कंपनीनं ते बंद केलं आणि जुनी यंत्रं स्वस्तात विकली जाऊ लागली. त्यांतलं एक शिकागोतल्या ‘फ्यूचर’ नावाच्या तरुणांच्या गटाच्या हाती लागलं. त्यांनी वाजता वाजता त्याची बटणं पिळली, त्यातून चिखलात पाय रुतल्यासारखा एक चुळचुळीत आवाज निघाला, आणि १९८७ मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही तबकडी आली. ‘अ‍ॅसिड हाउस’ या नृत्यसंगीताची सुरुवात सर्वसाधारणपणे इथून धरतात. हा प्रकार शिकागोहून इंग्लंडात गेला आणि तिथली एक अख्खी पिढी त्यावर नाचली.

पुढचं कथानक चित्रपटात शोभेल असं आहे. २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीत चरणजितजींची तबकडी सापडली. ऐकून तो चक्रावला. हे तर अ‍ॅसिड हाउस, आणि शिकागोच्या पाच वर्षं आधी! २०१० मध्ये त्यानं ती पुन्हा प्रकाशित केली. युरोपात खळबळ उडाली. काहींना तर हे थोतांड वाटलं. कोणी युरोपीय खोडकरानं घरात बसून केलं असेल आणि जुन्या भारतीय तबकडीचं सोंग दिलं असेल, अशी शंका घेतली गेली. पण तबकडी खरी होती, तारीख खरी होती आणि कलाकार मुंबईत हयात होते. ‘अ‍ॅसिड हाउसचा अजाणता जनक’ म्हणून त्यांच्यावर लेख आले. उतारवयात ते युरोपातल्या रंगमंचांवर गेले आणि त्यांच्या नातवंडांच्या वयाची पोरं मालकंसावर नाचली. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

मग या अल्बमच्या चौकटीत ‘प्रकार’ या शब्दापुढे काय लिहायचं? ‘अ‍ॅसिड हाउस’ लिहा, म्हणणाऱ्यांची बाजू कमकुवत नाही. तीच यंत्रं, तोच न थांबणारा ठेका, तोच सरकता बास. ‘३०३’मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे आणि मींडेशी ओळख असलेल्या माणसाच्या हाती ती पडल्यावर काय झालं, हे त्या तबकडीत ऐकू येतं. शिवाय न्यायाचा प्रश्न आहे. एखादी गोष्ट पश्चिमेत घडली की तो इतिहास आणि मुंबईत आधी घडली की ती गंमतीदार टीप, असं किती दिवस चालायचं?

विरुद्ध बाजूही तितकीच खरी. प्रकार म्हणजे नुसता आवाज नव्हे. त्याला वंशावळ असते, नाचघर असतं, ऐकून शिकणारे असतात. शिकागोतल्या पोरांनी चरणजितजींची तबकडी ऐकलेली नव्हती. चरणजितजींनाही शिकागोचं काही ठाऊक नव्हतं. १९८२ मध्ये ‘अ‍ॅसिड हाउस’ हा शब्दच जन्मलेला नव्हता. ते स्वतः सांगत होते ते इतकंच, की मी राग वाजवले आणि डिस्कोचा ठेका दिला. मुखपृष्ठावरही तेच छापलेलं आहे. त्यांचं म्हणणं बाजूला सारून त्यांच्या कामाला शिकागोचं नाव देणं, हा मोठा सन्मान वाटला तरी त्यात एक फसगत आहे. मालकंसातला कोमल गंधार कुठून आला, हा प्रश्नच मग कोणी विचारत नाही. ऐकणाऱ्याचा कान फक्त यंत्राकडे लागतो. आणि रागांना परक्या ठेक्यावर बसवणं मुंबईला नवं नव्हतं. शंकर-जयकिशन यांची ‘राग-जॅझ स्टाइल’ १९६८ मध्येच आली होती. चरणजितजींची तबकडी त्या घरातली आहे, असं मला वाटतं.

माझ्या हाती ती चौकट असती तर मी त्यात ‘राग’ आणि ‘डिस्को’ हे दोनच शब्द ठेवले असते, आणि ‘अ‍ॅसिड हाउस’ची सगळी कथा खाली लेखात सविस्तर दिली असती. कोणी म्हटलं, केव्हा म्हटलं, कोणी नाकारलं, सगळं. चौकटीत वाद मावत नाही, परिच्छेदात मावतो. पण हे माझं मत झालं आणि विकिपीडियाच्या नियमाप्रमाणे माझ्या मताला तिथं जागा नाही. ते बरंच आहे.

एक गोष्ट मात्र खटकते. या एका शब्दावर जगभरचे रसिक हिरिरीनं बोलले. पण चरणजित सिंगांनी आयुष्यभर ज्या शेकडो चित्रपटगीतांत वाजवलं, त्यांच्या तबकड्यांवर त्यांचं नाव नाही. गायक आहे, संगीतकार आहे, गीतकार आहे. वादक नाही. ‘दम मारो दम’मधला ट्रान्झिकॉर्ड त्यांचा, हे आज सांगितलं जातं, पण तबकडी पाहून ते कळणार नाही. गोव्याहून मुंबईत आलेल्या वादकांचं आणि संयोजकांचंही हेच झालं. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं वाद्यसंयोजन वर्षानुवर्षं केलं. अँथनी गोन्साल्विस हे नाव लोकांना १९७७ च्या एका विनोदी गाण्यामुळे माहीत आहे. प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे खरे गोन्साल्विस २०१२ पर्यंत हयात होते, हे किती जणांना ठाऊक होतं? २००८ मध्ये ग्रेगरी बूथ या अभ्यासकानं मुंबईच्या स्टुडिओंतल्या वादकांना भेटून इंग्रजीत ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक लिहिलं, म्हणून त्यांतल्या थोड्यांची तरी नोंद झाली. आता त्या पुस्तकाचा संदर्भ देऊन ज्ञानकोशात नावं घालता येतात.

मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. आपल्या भावगीतांच्या, नाट्यगीतांच्या, लावण्यांच्या ध्वनिमुद्रिकांवर तिथं लिहायला भरपूर वाव आहे. ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी आजोबांची वही असेल, कोणत्या तारखेला कोणत्या स्टुडिओत, कोणाच्या गाण्याला व्हायोलिन किंवा ऑर्गन वाजवला आणि किती बिदागी मिळाली, अशी. ती वही थेट ज्ञानकोशाला चालणार नाही. अप्रकाशित कागद तिथं पुरावा होत नाही, आणि हेझलहर्स्टांची कथा ऐकल्यावर का होत नाही ते पटेल. तेव्हा आधी ती एखाद्या मासिकात, दिवाळी अंकात, स्थानिक साप्ताहिकात का होईना, तारखांसकट छापून आणा. वहीच्या एका पानाचं छायाचित्रही सोबत द्या. आणि तबकडीचं वेष्टण टाकून देण्याआधी तिच्या मधल्या चकतीवरचा क्रमांक मात्र उतरवून घ्या. नव्या आवृत्त्यांवर तो क्रमांक बदललेला असतो, आणि मूळ तबकडी हुडकायला पुष्कळदा तेवढाच धागा हाती राहतो.